पुढ्यातला मासा

आमच्या घरात राग ओळखायची एकच खूण आहे. आमचे हे रागावले की जेवत नाहीत. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही, नुसतं ताट मागं सरकतं. नाव मी उखाण्यापुरतंच घेते, तेव्हा इथंही 'हे' म्हणूनच चालवून घ्या. वारूळवाडीच्या आमच्या सगळ्या भावकीला ही खूण ठाऊक आहे. एका पुतणीच्या लग्नात मानपानावरून काही बिनसलं, तर हे वाढलेल्या ताटावरून उठले, मोटारसायकलला किक मारली आणि आळेफाट्याला जाऊन एकटेच मिसळ खाऊन आले. मी मागं राहून माझी जिलेबी संपवली. रागाला माझी ना नाही, पण जिलेबीनं कुणाचं काय वाकडं केलं होतं?

उलट मन खूश असलं की यांच्यासारखा खाणारा नाही. मटणाच्या पंगतीत वाढप्याला यांच्यापुढून लवकर हलता येत नाही. माझे सासरे मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले. आता आमची शेती आहे, टोमॅटो आहे, मेंढरं म्हणायला थोडीशी उरली आहेत, तीही यांच्या हौसेपायी. पण मेंढरांमागं चालणाऱ्या माणसाची भूक यांच्यात अजून शाबूत आहे.

आम्हाला एकच लेक. तिच्या बारशाला माझे वडील घोडेगावहून एसटीनं आले होते आणि माझ्या घरी पहिल्यांदा जेवले होते, तेही भात दोनदा मागून घेऊन, म्हणून ते बारसं माझ्या चांगलं लक्षात आहे. पोरगी हुशार निघाली. पुण्यात हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि थायलंडला समुद्रकाठच्या एका गावात नोकरीला लागली. आता आमच्याकडे थायलंड म्हटलं की पुरुषमाणसं गालातल्या गालात हसतात. खतं-औषधांच्या कंपन्या दुकानदारांना तिकडं सहलीला नेतात, आणि परत आल्यावर ते बायकांना फक्त देवळांचे फोटो दाखवतात. त्यामुळं "पोरगी थायलंडला असते" असं सांगून झालं की हे घाईघाईनं पुढं जोडायचे, "मोठ्या हाटेलात. हापिसात."

तर या पोरीनं एका रविवारी फोन करून सांगितलं की तिथल्याच एका मुलाशी तिला लग्न करायचं आहे. मुलाच्या घरची समुद्राच्या रस्त्यावर छोटी खानावळ. आई रांधते, बाप मासे आणतो, आजी लसूण सोलते, आणि मुलगा वाढतो. ही सुट्टीच्या दिवशी तिथं जेवायला जायची, त्यातून ओळख झाली. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि मेंढरांकडं निघून गेले. त्या दिवशी ताट मागं सरकलं. दुसऱ्या दिवशी जेवले, पण माझ्याकडून भाजीत मीठ पडायचं राहिलं होतं आणि तरीही हे काही बोलले नाहीत. मला धास्ती बसली ती तेव्हा.

पोरगी बापाच्याच वळणावर गेलेली. मला म्हणाली, "आई, पळून जाऊन मी काही करायची नाही. आप्पा नाही म्हणाले तर नाही. पण मग दुसरं स्थळ बघायच्या भानगडीतही पडू नका." हे तिनं अगदी शांतपणे सांगितलं. तिच्या त्या शांतपणाची मला ह्यांच्या रागाइतकीच भीती वाटते. माझी एकुलती एक लेक जन्मभर एकटी राहील, या विचारानं मला झोप लागेना. ह्यांना विचारावं तर एकच उत्तर, "बघू." आणि मग एक दिवस, टोमॅटोचे क्रेट गाडीत चढवता चढवता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "जाऊन बघतो. घर बघितल्याबिगर पोरगी द्यायची न्हाई."

आळेफाट्याला ह्यांच्या गाडीवाल्या मित्रांत ही बातमी पोचली तेव्हा नुसता हैदोस झाला म्हणे. एक जण म्हणाला, "राव, थायलंडला बायको संगं घेऊन जानारा तूच पयला." हे घरी येऊन मला सांगताना मात्र अजिबात हसले नाहीत.

मी भाकरी, शेंगांची चटणी आणि ठेचा बांधून घेतला. विमानात ठेच्याचा डबा उघडला तेव्हा शेजारच्या बाईनं नाकाला रुमाल लावला. मी तिच्याकडं बघून हसले आणि ठेचा पुढं केला. नको म्हणाली.

उतरलो तिथं पोरीबरोबर तो मुलगाही आला होता. सडपातळ, हसरा, पायात साध्या चपला. आधी दोन्ही हात जोडून वाकला, मग ह्यांच्या हातातली बॅग घेतली आणि काहीतरी विचारलं. पोरगी म्हणाली, "आप्पा, तो विचारतोय, भात खाल्ला का. इकडं 'कसे आहात' म्हणायच्या जागी हेच विचारतात." ह्यांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, तुम्ही देवालाच विचारा.

पुढचे दोन दिवस हे नुसते बघत होते. समुद्र बघितला. म्हणाले, "एवढं पानी आन् पिकाला थेंब उपेगाचा न्हाई." पोरीचं हॉटेल बघितलं, तिची खोली बघितली. संध्याकाळी त्या खानावळीवरून दोन-तीनदा चालत गेले, आत न शिरता. दारात खांबावर एक इवलंसं देवघर होतं, त्याच्यापुढं फुलं आणि लाल सरबताची बाटली, तिच्यात नळी घातलेली. हे थांबले, चपला काढल्या आणि बांधावरच्या म्हसोबाला करतात तसा नमस्कार केला. त्याच वेळी आतून त्या मुलानं आईला हाक मारली. तिकडं आईला 'मॅ' म्हणतात. तो लांब सूर लावून म्हणाला, "मॅऽऽ" आणि हे चमकून वळले. मग कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं. "कोकरागत हाक मारतंय गं आईला," म्हणाले. मला बरं वाटलं. पण तेवढ्यावरून काय समजायचं? हसणं वेगळं आणि पोरगी देणं वेगळं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बोलावणं आलं. त्यांनी आमच्यासाठी खानावळ गिऱ्हाइकांना बंद ठेवली होती. वर पत्रे, खाली गार फरशी, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडं समुद्र. भिंत अशी एकाच बाजूला, बाकी सगळं उघडं. लागूनच दुसऱ्या एका बाईचं कोंबडी भाजायचं छोटं दुकान होतं, मध्ये आडोसा म्हणून नुसत्या चार कुंड्या. आजी कोपऱ्यात लाकडी उखळात कच्ची पपई, मिरच्या आणि लसूण घालून कुटत होती. तो आवाज ऐकून मला एकदम घरच्या ठेच्याची आठवण झाली आणि पोटात भूक उसळली.

आता आमच्या लेकीनं एक घोटाळा आधीच करून ठेवला होता. त्या घरच्यांनी तिला विचारलं होतं की तुझ्या वडलांच्या मनात काय आहे ते आम्हाला कळणार कसं, आमची भाषा त्यांना येत नाही, त्यांची आम्हाला नाही. हिनं सांगितलं, "सोपं आहे. आप्पा जेवले म्हणजे झालं. ताट मागं सारलं म्हणजे संपलं." हे मला तिनं दारातच कानात सांगितलं. म्हणजे आम्ही टेबलाशी बसलो तेव्हा त्या घरातला एकूण एक माणूस ह्यांच्या ताटाकडं डोळे लावून होता. आणि मीही.

मुलाच्या आईनं भात वाढला. मग एक अख्खा मासा आला. माशाच्याच आकाराची लांब पत्र्याची थाळी, खाली विस्तव, वर मासा वाफाळतोय आणि त्याच्यावर लिंबू, लसूण, हिरव्या मिरच्या यांचा नुसता थर. तो तिनं नेमका ह्यांच्या पुढ्यात ठेवला. कोळंबी आली, पपईचं ते कुटलेलं आलं, कसलीशी हिरवी भाजी आली. मी सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, पहिल्या घासाला आंबट-तिखट अशी काही चव लागली की आपण कशासाठी आलोय हेच मी विसरले.

हे मात्र हात मांडीवर ठेवून बसले. मुलाच्या आईनं खूण करून सांगितलं, घ्या. ह्यांनी हात जोडले आणि मान हलवली. तिला वाटलं, तिखट चालत नसेल. ती आत गेली आणि बिनमिरचीचं ऑम्लेट करून घेऊन आली. ह्यांनी पुन्हा हात जोडले. मग मुलाच्या बापानं पाण्याचा पेला पुढं केला. तोही नको. आजी उठली, ह्यांच्या ताटात स्वतःच्या हातानं चमचाभर भात घातला आणि पाठीवरून हात फिरवला. ह्यांनी खाली वाकून आजीच्या पायाला हात लावला, पण भाताला लावला नाही.

"अवो," मी दातओठ खात म्हटलं, "दोन घास तरी खावा की. समद्यांचं डोळं लागल्यात."

"भूक न्हाई."

भूक नाही! सकाळपासून या माणसानं चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. पोटातून येणारा गुरगुर आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता. मला असा संताप आला की हातातली कोळंबी फेकून मारावी. नसेल द्यायची पोरगी तर नका देऊ, पण रांधून वाढणाऱ्या बाईचा असा अपमान? मुलाच्या आईनं पदर नसतानाही पदर सावरावा तसा हात खांद्यावर नेला आणि मान खाली घातली. मुलगा तर जागच्या जागी वाळून गेला होता. माशाखालचा विस्तव हळूहळू विझत चालला होता.

लेक उठून उभी राहिली. तिचा आवाज अगदी शांत होता. "आप्पा, नाही म्हणायचं तर तोंडानं म्हणा. या लोकांच्या अन्नाला कशाला शिक्षा?"

ह्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा तिच्याकडं. खरोखरच काही न कळल्यासारखा चेहरा झाला होता.

"न्हाई कोन म्हनलं?"

"मग जेवत का नाही?"

"येडी का खुळी तू?" हे म्हणाले. "लेकीच्या घरचं बाप जेवतो व्हय? नातवंड झाल्याबिगर? तुजा आजा जेवला व्हता का आपल्याकडं?"

आणि मग माझे वडील डोळ्यांपुढं आले. माझं लग्न झाल्यावर ते वारूळवाडीला यायचे, ओसरीवर बसायचे, पण पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. लेक दिली त्या घरचं, तिला मूल होईपर्यंत, खायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी नवी नवरी, आत रडत बसायची. शेवटी शेजारच्या आजीबाईंच्या घरी ते भाकरी खायचे आणि मग परत आमच्या ओसरीवर येऊन गप्पा मारायचे. माझ्या घरी जेवले ते थेट या पोरीच्या बारशाला. आता कुणी इतकं पाळत नाही. मी तर पार विसरून गेले होते. आणि हा माणूस ते मनात धरून समुद्र ओलांडून आला होता, बोलला मात्र एका शब्दानं नव्हता, कारण सांगायचं काय त्यात, हे सगळ्यांना ठाऊकच असतं असं त्यांना वाटलं.

त्याच वेळी माझं लक्ष माझ्या ताटाकडं गेलं. ताट कसलं, कोळंबीच्या सालींचा ढीग होता. रीत आईलाही लागू असते.

"आन् मी?" मी म्हटलं.

"तू काय, तू उरकलंस बी," हे म्हणाले. "आता गिळलंय ते राहू दे."

लेक हसत होती आणि डोळे पुसत होती. तरी तिनं एक वाट काढायचा प्रयत्न केला. "आप्पा, हे हॉटेलच आहे की. बिल द्या आणि जेवा."

ह्यांना ते अजिबात पटलं नाही. "पैसं दिलं की गिऱ्हाईक झालो. मी हितं गिऱ्हाईक म्हनून आलोय व्हय?" मग मुलाकडं हात करून म्हणाले, "पावण्यांना सांग समजावून. त्यांच्या आईला म्हनावं, राग नगा मानू."

पावणं. इतके दिवस 'तो पोरगा', 'तुजा तो' असं चाललं होतं. आमच्याकडं जावयाला पावणं म्हणतात. लेकीनं तो शब्द ऐकला आणि मग तिला काही समजावून सांगताच येईना. मीच तिला पाणी दिलं.

तिनं सांगायला सुरुवात केली तेव्हा त्या घरात कुणालाच ते नीट कळलं नाही. आधी मुलाला कळलं, त्याचे कान लाल झाले. त्याच्या आईनं दोनदा विचारलं. म्हणजे जेवत नाहीत म्हणून संपलं असं नाही? जेवत नाहीत म्हणून झालं? पोरीनं दोन्ही वेळा हो म्हणून मान डोलावली. तेव्हा ती बाई खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली, आणि माझ्याही डोळ्याला धार लागली. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती ते बरंच झालं, कारण बोलायला काही उरलंच नव्हतं. मला फार फार आनंद झाला होता.

पण रांधणाऱ्या बाईला घरी आलेला माणूस उपाशी जाणं कसं सहन व्हावं? मी लेकीकरवी तिला माझ्या वडलांची गोष्ट सांगितली, शेजारच्या आजीबाईंच्या भाकरीची. ती ऐकता ऐकताच उठली. ह्यांचा हात धरला, कुंड्या ओलांडून शेजारच्या दुकानात नेलं, आणि त्या कोंबडीवाल्या बाईला भराभर काहीतरी सांगितलं. ती बाई आधी गोंधळली, मग खो खो हसली आणि तिनं लगबगीनं टेबल पुसलं.

असं आमचं ते जेवण झालं. आम्ही सगळे इकडच्या टेबलाशी, हे तिकडच्या. मध्ये चार कुंड्या. ह्यांनी भाजलेली कोंबडी आणि टोपलीतला चिकट भात बोटांनी गोळे करून असा खाल्ला की ती बाई दोनदा वाढायला आली. मधूनच इकडं बघून विचारायचे, "पावणं जेवत्यात का? त्यास्नी वाढ की." आणि आजी आपल्या जागेवरून मोठ्यानं काहीबाही सांगत होती, हे मराठीत हो हो म्हणत होते.

संध्याकाळी वाळूवरून परत येताना मी विचारलं, "कवा ठरवलंत?"

"पयल्याच दिशी," म्हणाले. "उतरल्या उतरल्या जेवलात का इचारलं त्यानं. अशा घरात पोरगी उपाशी राहायची न्हाई."

"मग सांगायचं न्हाई व्हय आदी? माजा जीव टांगनीला लागला व्हता."

"तू कुटं इचारलंस?" म्हणाले. मी वाळूत पाय आपटत पुढं निघून आले.

लग्न वारूळवाडीत झालं. त्यांच्याकडची मंडळी आली, पंगतीत मांडी घालून बसली, आणि मटणाचा रस्सा पिऊन डोळ्यांत पाणी आणून हसली. आजी तेवढी पुन्हा पुन्हा मागत होती. आळेफाट्याच्या मित्रांनी जावयाला उचलून नाचवलं. ते सगळं झालं, पोरगी गेली, घर रिकामं झालं, आणि दिवस आपल्या वाटेनं चालू लागले.

परवा सकाळी टोमॅटोची तोडणी चालू होती तेव्हा तिचा फोन आला. दिवस गेलेत म्हणाली. मला आधी रडूच कोसळलं. मग मी एका दमात सगळं ठरवून टाकलं, बाळंतपण इकडंच होणार, डिंकाचे लाडू कधी करायचे, खाट कुठं टाकायची. हे हातातला क्रेट खाली ठेवून उभे होते. त्यांनी फोन मागितला.

"जेवलीस का?" आधी हेच. मग म्हणाले, "बाळाला आन् तुला पोचवाया मीच येनार. तुज्या सासूला सांगून ठेव. त्या दिशी माज्या पुढ्यात ठेवला व्हता ना, तोच मासा कर म्हनावं. तसाच, अख्खा. आन् लसनाचा हात आखडू नगं म्हनावं."

फोन माझ्याकडं देऊन त्यांनी क्रेट उचलला. दोन पावलं गेले आणि थांबले.

"लई वास सुटला व्हता गं त्याला," म्हणाले.